सीएच्या परीक्षेला पुन्हा बसताना : कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

सीए (चार्टर्ड अकाउंटंट) होण्याच्या परीक्षेचे टप्पे तीन: फाउंडेशन, इंटर आणि फायनल. यातल्या इंटर आणि फायनलचे निकाल लागले की राजापूर, गुहागर, मालवण, कुडाळ, श्रीवर्धन अशा गावांतून मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न येऊ लागतात. दर वेळी साधारण तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नियम ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या (आयसीएआय, पुढे नुसतं ‘संस्था’) सध्याच्या योजनेचे आहेत, म्हणजे १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तर दुसरीकडे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तिन्ही पेपरांत ४० च्या वर मार्क आहेत, तरी ग्रुप गेला. असं कसं?

ग्रुप सुटायला, म्हणजे त्यात पास व्हायला, दोन अटी आहेत: प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूण मार्कांत किमान ५० टक्के. इंटरला काय आणि फायनलला काय, एका ग्रुपमध्ये शंभर-शंभरचे तीन पेपर असतात, म्हणजे बेरीज १५० व्हायला हवी. ४८, ४३ आणि ५२ मिळाले तर होतात १४३. सात मार्कांनी ग्रुप गेला.

याउलट ६७, ५५ आणि ३६ मिळाले तर बेरीज १५८ होते, पण एक पेपर ४० च्या खाली असल्यामुळे ग्रुप जातोच. दोघांच्याही मार्कशीटवर नापासच लिहून येतं, पण दोघांचं दुखणं वेगळं आहे. पहिल्याचे तिन्ही पेपर थोडे थोडे कमी पडलेत. दुसऱ्याचा एकच पेपर कच्चा आहे, बाकी तयारी उत्तम आहे. पुढच्या अटेम्प्टचं वेळापत्रक आखण्याआधी आपण यातल्या कोणत्या गटात आहोत ते ठरवा. पुन्हा बसणाऱ्या बहुतेक मुलांचा वेळ वाया जातो तो इथेच. दुखणं न पाहता सगळे विषय पहिल्या पानापासून परत सुरू केले जातात.

२. किती वेळा बसता येतं? वयाची अट आहे का?

वयाची अट नाही. किती अटेम्प्ट द्यायचे यालाही मर्यादा नाही. मर्यादा आहे ती रजिस्ट्रेशनची: फाउंडेशनचं ४ वर्षं, इंटरचं ५ आणि फायनलचं १० वर्षं चालतं. मुदत संपत आली असेल तर प्रश्न १७ पाहा.

३. एक्झम्प्शन कधी मिळतं आणि किती दिवस टिकतं?

ग्रुप गेला, पण त्यातल्या एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त मार्क असले तर त्या पेपरचं एक्झम्प्शन मिळतं. ते लगेच पुढच्या तीन परीक्षांसाठी असतं. त्या काळात तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही आणि ते मार्क बेरजेत धरले जातात. समजा ६२ चं एक्झम्प्शन आहे. मग उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ हवेत आणि प्रत्येकात किमान ४०.

इथे दोन गोष्टींवर मुलं हमखास अडखळतात. एक म्हणजे ग्रुपमधले सगळे पेपर दिलेले असले पाहिजेत. दोन पेपर चांगले गेले म्हणून तिसऱ्याला दांडी मारली तर ६५ मार्क असूनही एक्झम्प्शन हाती लागत नाही. तिसरा पेपर कितीही अवघड वाटला तरी जाऊन लिहा. दुसरी गोष्ट: तीन परीक्षा म्हणजे सलग तीन, तुम्ही बसा किंवा बसू नका. पूर्वी वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची तेव्हा हे दीड वर्ष पुरायचं. आता इंटर २०२४ पासून आणि फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरला. त्यामुळे एक्झम्प्शन वर्षभरातच संपतं. ‘या वेळी राहू दे, पुढच्या वेळी देऊ’ म्हणताना हा हिशोब डोळ्यांसमोर असू द्या.

४. दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत की एकेक?

दोन्ही एकदम दिले तर सेट-ऑफचा फायदा मिळतो. सगळ्या सहा पेपरांत ४० च्या वर असाल आणि सहांची बेरीज ३०० झाली, तर एका ग्रुपमध्ये १५० न होताही दोन्ही ग्रुप सुटतात. पहिल्यात १६५ आणि दुसऱ्यात १३८ असले तरी पास.

पण हा फायदा सहाही पेपर झेपणाऱ्यालाच आहे. मागच्या खेपेला दोन्ही ग्रुप १२० च्या आसपास अडकले असतील तर एक ग्रुप उचला आणि तो पक्का करा. एक ग्रुप हातात आला की घरातलं वातावरण बदलतं, आणि पुढच्या चार महिन्यांच्या अभ्यासाला त्याचा मोठा आधार होतो.

५. निकाल लागेपर्यंत थांबू की लगेच अभ्यास सुरू करू?

लगेच करा. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला येतो आणि पुढची परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. निकालाची वाट पाहिली तर हातात जेमतेम दोन महिने उरतात. पेपर संपल्यावर आठवडाभर पूर्ण विश्रांती घ्या, फिरा, झोपा. मग सगळ्यात वाईट गेलेला पेपर काढा. पास झालात तर दीड महिन्याचा अभ्यास वाया जाईल. तो जाऊ दे.

६. उत्तरपत्रिका मागवून काय उपयोग? मार्क तर वाढत नाहीत.

फेरतपासणी, म्हणजे उत्तर पुन्हा वाचून नव्याने मार्क देणं, या परीक्षेत होत नाही. व्हेरिफिकेशनमध्ये बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मात्र मिळते. त्यासाठी निकालापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. ती मार्क वाढवण्यासाठी मागवायची नाही, आपण काय लिहिलं ते बघण्यासाठी मागवायची. पुन्हा बसणाऱ्या प्रत्येकाला माझा हा एकच आग्रह असतो: निदान एका पेपरची प्रत मागवा.

एक उदाहरण देते. ऑडिटच्या पेपरात प्रश्न होता: कंपनीला सतत तोटा आहे, बँकेचे हप्ते थकलेत, तरी व्यवस्थापनाने कंपनी पुढे चालणार असं गृहीत धरून ताळेबंद बनवला आणि नोट्समध्ये याबद्दल पुरेसं सांगितलेलं नाही. ऑडिटरने काय करावं? एका मुलीने या प्रश्नावर सव्वा पान लिहिलं होतं. गोइंग कन्सर्न म्हणजे काय, एसए ५७० (ऑडिटचं याच विषयावरचं मानक) काय सांगतं, ऑडिटरने कोणती लक्षणं बघायची, सगळं बरोबर आणि सुंदर अक्षरात. पण पुरेसा खुलासा नसेल तर ऑडिटरने क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स ओपिनियन (आक्षेप नोंदवणारं किंवा प्रतिकूल मत) द्यायचं, हे वाक्य कुठेच नव्हतं. विचारलं होतं नेमकं तेच. मार्क एक.

ती मला म्हणायची, “मॅडम, ऑडिट माझं पाठ आहे, तरी मार्कच मिळत नाहीत.” पाठ होतंच. प्रत हातात आल्यावर आम्ही दोघींनी मिळून प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने लिहिलं: ‘माहीत नव्हतं’, ‘माहीत होतं पण विचारलेलं लिहिलं नाही’, ‘वेळ संपला’. ‘माहीत नव्हतं’ फक्त दोन प्रश्नांपुढे आलं. पुढचे तीन महिने तिने नवीन काही वाचलं नाही. संस्थेच्या सजेस्टेड आन्सर्स (नमुना उत्तरं) समोर ठेवून रोज दोन उत्तरं लिहायची आणि शेवटची ओळ निष्कर्षाचीच असायची.

बाकीचे विद्यार्थीही ही तीन शेऱ्यांची पद्धत वापरू शकतात. प्रत मागवली नसेल तर मॉक टेस्ट पेपर वेळ लावून लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हेच शेरे मारा.

७. पुन्हा पूर्ण क्लास लावावा का?

बहुतेकांना गरज नसते. एखादा विषय मुळातच समजलेला नसेल तर तेवढ्या विषयाचा लावा. एरवी संस्थेचं स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि मागच्या परीक्षांच्या सजेस्टेड आन्सर्स वेबसाइटवर फुकट आहेत. परीक्षक त्याच भाषेत उत्तर शोधतो. त्यासाठी घरच्यांना पन्नास हजारांच्या खर्चात पाडू नका.

८. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. लॉ आणि ऑडिट इंग्रजीत लिहिताना हात थांबतो. मराठीत पेपर देता येतो का?

नाही, इंग्रजी किंवा हिंदी एवढेच पर्याय आहेत. आणि खरं सांगायचं तर ही अडचण इंग्रजीची कमी आणि वाक्यांच्या लांबीची जास्त आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत लांबलचक, पुस्तकी वाक्यं जुळवायला जातात आणि मध्येच अडकतात. तीन परिच्छेद करा: कायद्याची तरतूद, प्रश्नातली परिस्थिती, निष्कर्ष. प्रत्येक वाक्य दहा-बारा शब्दांचं. विषय समजून घेताना खुशाल मराठीत बोला, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत. शिवाय इंटर आणि फायनलच्या बहुतेक पेपरांत ३० टक्के मार्क बहुपर्यायी प्रश्नांना असतात आणि त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे भाषा आडवी येत नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

९. मे महिन्यात आंबा, सप्टेंबरात गणपती. आम्ही अभ्यास करायचा कधी?

हा प्रश्न फक्त आपल्याकडून येतो, आणि तो अगदी खरा आहे. ज्यांच्या घरची बाग आहे त्यांना एप्रिल-मे म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटेपासून काढणी, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी पेट्या भरून टेम्पोत चढवायच्या, रात्री मजुरांचा हिशोब. घरात कॉमर्सचं पोर असलं की हिशोबाची वही त्याच्याच गळ्यात. वर्षाचं उत्पन्न त्या दोन महिन्यांवर असतं, तेव्हा ‘मला जमणार नाही’ म्हणणंही अवघड. अशा घरातल्या मुलांनी मेचा अटेम्प्ट धरूच नये असं माझं मत आहे. जानेवारी धरा. पावसाळा संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत बागेचं काम तुलनेने हलकं असतं. मोहोराची राखण सुरू झाली तरी अभ्यासाला बसता येतं.

मेलाच बसायचं असेल तर फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी, घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या. मोघम बोलू नका. “१५ एप्रिलपासून परीक्षेपर्यंत मी बागेत येणार नाही, हिशोब रात्री अर्धा तास बघेन” असं तारखेनिशी सांगा. वडीलमंडळी तारीख समजून घेतात आणि तेवढ्या दिवसांसाठी एखादा गडी जास्तीचा बघतात. ऐन हंगामात रुसून खोलीत बसणाऱ्या मुलाचं मात्र कुणालाच काही समजत नाही.

गणपतीची गोष्ट वेगळी. तारखा दर वर्षी सरकतात, म्हणून फॉर्म भरतानाच कॅलेंडर बघा. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, गौरी-गणपतींचं विसर्जन २ सप्टेंबरला झालं आणि ३ तारखेला फायनलचा पहिला पेपर होता. २०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मुंबईकर चाकरमानी घरी येणार, आरत्या, भजनं, पंगती, हे सगळं होणारच. अशा वर्षी शेवटचे दहा-पंधरा दिवस शहरातल्या मित्राच्या खोलीवर किंवा अभ्यासिकेत काढा, चतुर्थीच्या दिवशी मात्र घरी या. चतुर्थीला घरी नसलेलं पोर खोलीवर बसून अभ्यास करत नाही, झुरत बसतं.

१०. पुण्या-मुंबईला जाऊन राहिलं तरच सुटते का?

नाही. व्याख्यानं आता ऑनलाइन मिळतात, रत्नागिरीत संस्थेची शाखा आहे. शहरात जाण्याचा खरा फायदा आजूबाजूला अभ्यास करणारी माणसं असण्याचा. तो इथेही मिळवता येतो: एकाच ग्रुपला पुन्हा बसणारे दोघं-तिघं शोधा आणि दर रविवारी तालुक्याच्या वाचनालयात एकमेकांसमोर तीन तासांचा पेपर लिहा. भाड्याचे आणि खानावळीचे पैसे कर्ज काढून भरावे लागणार असतील तर जाऊ नका. त्या कर्जाचा विचार पेपर लिहितानाही डोक्यातून जात नाही.

११. नोकरी करत पुन्हा बसणं शक्य आहे का?

शक्य आहे, पण एका वेळी एकच ग्रुप. आपल्याकडच्या ऑफिसांत जून ते सप्टेंबर हा सगळ्यात गर्दीचा काळ: पतसंस्थांची ऑडिटं, रिटर्न, टॅक्स ऑडिट. त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनी सप्टेंबरचा अटेम्प्ट टाळलेला बरा. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण, करणाऱ्यांसाठी नवी योजना सोयीची आहे. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होते आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. हे सहा महिने अभ्यासासाठीच ठेवलेत. त्यात दुसऱ्या कामाला लागू नका.

१२. मागच्या अटेम्प्टची पुस्तकं चालतील का?

अकाउंट्स, कॉस्टिंग, फायनान्स यांची बहुतेक चालतील. टॅक्सची चालतीलच असं नाही. प्रत्येक परीक्षेला कोणता कायदा कोणत्या तारखेपर्यंतच्या बदलांसह लागू आहे ते संस्था जाहीर करते. आधी ते पत्रक वाचा, मग पुस्तकाला हात लावा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. १९६१ च्या कायद्यातले कलमांचे पाठ केलेले क्रमांक त्यात बदललेत आणि ‘प्रीव्हियस इयर’ व ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं आहे. जुन्या नोट्समधली समज कामाला येईल, क्रमांक येणार नाहीत.

१३. एक्झम्प्शनच्या तिन्ही परीक्षा संपल्या. कायमचं एक्झम्प्शन घ्यावं का?

तशी सोय आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. कायमचं एक्झम्प्शन घेतलं की उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नाही, ५० मार्क लागतात. ज्यांचं एक्झम्प्शन ६०-६२ चं आहे आणि उरलेल्या पेपरांत ते ४२-४४ च्या आसपास घुटमळतात, त्यांनी घेऊ नये. तो पेपर नव्याने दिलेला परवडतो. उरलेला एकच पेपर असेल आणि मॉकमध्ये त्यात सातत्याने ५५ च्या वर येत असतील तर जरूर घ्या.

१४. परीक्षेच्या दिवशी दरड कोसळली, गाडी अडकली तर?

वैयक्तिक अडचणीसाठी पेपर पुन्हा होत नाही, गैरहजेरी लागते. संस्थेनेच परीक्षा पुढे ढकलली तर गोष्ट वेगळी. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या परिस्थितीमुळे ९ ते १४ मेचे पेपर नंतर घेतले गेले. म्हणून सप्टेंबरच्या अटेम्प्टला केंद्राच्या गावी आदल्या दिवशी मुक्कामालाच जा. पेपर दुपारी दोनला असतो, त्यामुळे ‘सकाळच्या गाडीने पोचू’ असं वाटतं. पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात आणि घाटात रस्ता बंद पडला तर एसटीही नाही.

आणि नोट्सचे फोटो काढून ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा कित्येक घरांतल्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला.

१५. मुलगा पुन्हा नापास झाला. जेवत नाही, खोलीबाहेर येत नाही. आम्ही काय बोलावं?

आई-बाबांनो, आधी एक आकडा बघा. नोव्हेंबर २०२४ ला फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के पास झाले. बाकीची सगळी हुशार, कष्टाळू मुलं त्या दिवशी तुमच्या मुलासारखीच घरी बसली होती. पहिले आठ दिवस अभ्यासाचं, पुढच्या फॉर्मचं काही विचारू नका. शेजारच्या मुलाचं नाव घेऊ नका. वाडीतलं कुणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्या: “चाललाय अभ्यास.” त्याला लग्नाकार्यात ओढून नेऊ नका. जेवायला मात्र रोज हाक मारा आणि पानावर बसवा.

दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, बोलणं पूर्ववत झालं नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो एकदा जरी म्हणाला, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे चोवीस तास फुकट बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची चौकशी करा. परीक्षा वर्षातून तीनदा येते. पोर जपा.

१६. थांबायचं कधी, हे कसं ठरवायचं?

मार्कांचा कल बघा. अटेम्प्टगणिक बेरीज वाढत असेल, ११८ वरून १३०, १३० वरून १४२, तर थांबू नका, तुम्ही दारात आहात. सलग काही अटेम्प्ट बेरीज तिथल्या तिथेच आहे, अभ्यासाची पद्धत प्रश्न ६ प्रमाणे बदलून पाहिली आहे आणि पुस्तक उघडलं की जीव घाबरा होतो, तर एक वर्ष बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. इंटरपर्यंतचा अभ्यास अकाउंट्सच्या नोकरीत रोज कामाला येतो. बी.कॉम. झालेल्यांना जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीचा मार्ग आहे. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशोब यांची सरकारी पदविका) परीक्षा आहे, आणि पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, विकास सोसायट्या यांच्या जाळ्यामुळे आपल्या जिल्ह्यांत तिला काम आहे. ‘आता लोक काय म्हणतील’ एवढ्या एकाच कारणासाठी पुन्हा फॉर्म भरत असाल तर भरू नका.

१७. मध्ये दोन-तीन वर्षं अभ्यास सुटला. घरची जबाबदारी, मग लग्न, मूल. आता परत येता येईल का?

येता येईल, आणि अशा मुली परत येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. आधी संस्थेच्या पोर्टलवर लॉगिन करून रजिस्ट्रेशनची तारीख बघा. मुदत संपली असेल तर इंटर आणि फायनलसाठी रिव्हॅलिडेशन करता येतं, म्हणजे मुदत वाढवून घेता येते. जुन्या योजनेतला एखादा ग्रुप सुटला असेल तर तो नव्या योजनेत कसा धरला जातो, याचा तक्ता संस्थेने दिला आहे. तो नीट तपासा. नाहीतर सुटलेल्या विषयाचाच अभ्यास पुन्हा कराल. जुनी एक्झम्प्शन्स तीन परीक्षांनंतर संपलेली असणार, ती धरून हिशोब करू नका.

मग एक ग्रुप निवडा आणि त्यातला आपला सगळ्यात आवडता विषय काढून महिनाभर तेवढाच वाचा. सुटलेली बैठक आवडत्या विषयानेच परत येते. मूल लहान असेल तर रोजचे सलग चार तास मिळणार नाहीत. पहाटे दोन आणि रात्री एक धरा, आणि रविवारी तीन तास मूल सांभाळायचं काम नवऱ्याने किंवा सासूबाईंनी करायचं, हे फॉर्म भरण्याआधी घरात ठरवून घ्या. तो रविवारचा वेळ पेपर लिहिण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नाही.